धुळ्याहून आलेली बंगई

२८ एप्रिल. काम: बंगईच्या पितळी कड्या चिंचेने घासून ठेवणे. सुतार यायच्या आत.

सकाळीच गॅलरीतली फरशी चटका द्यायला लागली होती. जळगावात एप्रिलअखेर उन्हाची वाट बघावी लागत नाही, ते आपल्याआधी उठलेलं असतं. बादलीत चिंचेचा कोळ, मूठभर मीठ, आणि त्यात साखळीसारख्या एकात एक अडकलेल्या लांब पितळी कड्या. प्रत्येक कडीच्या मधोमध एक पोपट. वर्षानुवर्षांच्या धुराने आणि हातांनी काळे पडलेले ते पोपट चिंचेत बुडवून काढले की पिवळे होऊन बाहेर येत. काम सोपं होतं, पण ते करताना मी मधेच थांबत होते, आणि कामात थांबणं हा माझा स्वभाव नाही.

बंगई, म्हणजे आमच्या खानदेशी बोलीतला घरातला लाकडी झोपाळा, हॉलच्या भिंतीला टेकवून उभी होती. उभी केल्यावर ती माझ्याहून उंच होती. माझ्या आजोबांनी, आबांनी, ती धुळ्यातल्या एका मुसलमान सुताराकडून करून घेतली होती. सातपुड्याचा साग, सबंध रुंदीची एकच फळी, पाठीला कातीव दांड्यांचा कठडा. खिळा एकही नाही, सांधे एकमेकांत बसवलेले. आबांचा कापसाचा व्यापार होता, म्हणून कारागिराने फळीच्या दोन्ही टोकांना कमळं न कोरता कापसाची फुटलेली बोंडं कोरली होती. मी अशी फुलं दुसऱ्या कुठल्याही झोपाळ्यावर पाहिलेली नाहीत. आणि आज दहा वाजता सुतार येऊन नेमकी तीच टोकं कापणार होता, कारण आमच्या हॉलमध्ये ती मावत नव्हती.

कापायला मीच बोलावलं होतं. वस्तू घराला बसली पाहिजे, घर वस्तूला नाही, असं मी नवऱ्याला आदल्या दिवशी ठणकावून सांगितलं होतं.

हा सगळा खटाटोप अक्कासाठी होता. अक्का माझी काकू, पण घरात थोरामोठ्यांपासून पोरांपर्यंत सगळे तिला अक्काच म्हणत. मूल नाही, काका जाऊन बरीच वर्षं झालेली. धुळ्याच्या घरात ती एकटी राहायची. संक्रांतीनंतर न्हाणीघरात पडली, खुब्याचं ऑपरेशन झालं, आणि डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की आता यांना एकटं ठेवू नका. मी तिला जळगावला आणलं. चांगली खोली दिली, नवी गादी घेतली, पलंगाची उंची तिच्या पायाला बेताची करून घेतली. सगळं व्यवस्थित. फक्त ती झोपेना.

दिवसा नाही, रात्री नाही. पलंगाच्या कडेला बसून राहायची, हात मांडीवर. गोळ्या दिल्या तर गुंगी यायची, झोप नाही. तिचं तोंड दिवसेंदिवस लहान होत चाललं होतं.

"अक्का, काय होतं तुला? दुखतं का?"

"दुखत नही वं. डोयाले डोया लागत नही."

आणि मग एक दिवस चहाचा कप खाली ठेवून तिने सरळ सांगून टाकलं, "आखाजी व्हयनी का मी धुये जासू."

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आमच्याकडचा लेकींचा सण. आठवड्यावर आला होता. धुळ्याला जाणार म्हणजे त्या घरात एकटी, खुब्यात लोखंडाची सळी घेऊन. पुन्हा पडली तर उठणार नाही, हे तिलाही माहीत होतं आणि मलाही. ती झोपली तर राहील, नाही झोपली तर जाईल. गणित इतकं सरळ होतं. म्हणून मी डोकं चालवलं आणि मला बंगई आठवली.

माझं लहानपण अमळनेरला गेलं, पण उन्हाळ्याची सुट्टी धुळ्याला. एस.टी.तून उतरलं की कपड्यांवर, केसांत, दातांतसुद्धा धूळ. घरात शिरलं की आधी न्हाणीघर आणि मग बंगई. मधल्या घराची दारं दुपारी लावून घेत. खिडकीच्या फटीतून उन्हाची एक पट्टी आत यायची, जमिनीवर पडायची, आणि बंगई हलली की आमच्या अंगावरून चढायची, उतरायची. आम्ही चुलत-आते भावंडं आडवी-तिडवी पडलेलो असायचो, एकाचे पाय दुसऱ्याच्या पोटावर. फळी गार असायची. भर वैशाखातसुद्धा गार. गाल टेकवला की सागाचा वास यायचा आणि त्याखाली कुठेतरी सरकीचा, आबांच्या सदऱ्याला यायचा तसा. वरचं छत पुढे यायचं, मागे जायचं. मग छत राहायचं नाही, नुसतं पुढे-मागे राहायचं. कड्यांचा आवाज लांब लांब जात एखाद्या विहिरीवरून येतोय असं वाटायचं. पाण्यावर पडून कुठेतरी वाहत चाललोय, तापीच्या पात्रात असावं, काठ दिसत नाही, घाई नाही. इतकी झोप मला पुढे कधी लागली नाही. बाळंतपणानंतरही नाही.

आणि त्या प्रत्येक दुपारी अक्का तिथे असायची. डोळे मिटायच्या आधी तिचं हिरवं लुगडं दिसायचं, डोळे उघडल्यावरही तेच दिसायचं. अक्का आणि बंगई माझ्या मनात एकाच चित्रात होत्या. तिला बंगईशिवाय झोप येत नसेल, हे मला इतकं उघड वाटलं की आधी कसं सुचलं नाही, याचाच राग आला.

टेम्पो ठरवला. धुळ्याहून पारोळा, एरंडोल करत बंगई आली, गाद्यांच्या दोन थरांत गुंडाळलेली. लिफ्टमध्ये मावली नाही, जिन्याने वर चढवली. नवरा भुसावळहून कामावरून आला तेव्हा ती हॉलमध्ये आडवी होती आणि त्याला स्वयंपाकघरात जायला वाट नव्हती.

"ही इथे राहणार, की आपण?" त्याने बूट हातात धरूनच विचारलं.

"दोघं."

"आणि टांगणार कशाला? वरच्या मजल्यावरच्यांना विचार, त्यांच्या फरशीला हुक बसवायला देतात का ते."

छताला हुक न ठोकता वेल्डिंगवाल्याकडून लोखंडी स्टँड करून घेतलं. फळीच्या मापाचं स्टँड उभं केलं तर त्याचा एक पाय गॅलरीच्या दारासमोर आला. दार अर्धंच उघडेना. फळी दोन्ही बाजूंनी वीत-वीत कमी केली तर स्टँडही तेवढं आखूड करता येईल, असं ठरलं. म्हणून सुतार.

तो दहाच्या ठोक्याला आला. साठीच्या पुढचा, दाढीला मेंदी, खांद्याला पिशवी. बंगईपाशी उकिडवा बसला. फळीवरून तळवा फिरवला, कोरलेल्या बोंडावर थांबला, खालून वाकून बघितलं.

"कुठून काढली ही?"

"धुळ्याहून. आजोबांची आहे."

"आणि ही कापायची?"

"दार उघडत नाही, चाचा."

"हो, दार तर उघडलंच पाहिजे," तो गंभीरपणे म्हणाला. "मला काय, करवत चालवायची. मजुरी दोन्हीकडे सारखी. पण उद्या वाटलं म्हणून टोकं जोडायला बोलावू नका, ताई. त्या कामाला मी येत नाही."

मी अक्काकडे वळले. तिचं मत घ्यावं म्हणून नाही, तिने नको म्हणावं म्हणून. ती पलंगाच्या खोलीच्या दारात वॉकर धरून उभी होती.

"अक्का, टोकं कापू ना?"

"काप ना मंग. लाकूडच शे ते."

मला तिचा संताप आला. वस्तूंवर जीव टाकणाऱ्या बायकांची मी आयुष्यभर थट्टा केली आहे. आईच्या माघारी तिची भांडी मी एका दुपारी वाटून मोकळी झाले होते. आणि आता इथे कापायला सांगणारी मी, हो म्हणणारी अक्का, आणि फळीवरचा हात काही माझ्याकडून उचलला जात नव्हता.

"आधी टांगून बघू," मी म्हणाले. "कापायचं ते नंतर."

"तेच बरं," सुतार म्हणाला. त्याने कड्या अडकवल्या, चारी कोपरे मोजून सरळ केले, उभा राहून हळूच एक धक्का दिला आणि लगेच हाताने थांबवली. चहा प्यायला. उद्या फोन करा म्हणून गेला.

दुपारी जेवणं झाली. कैरीचं पन्हं झालं. बाहेर रस्त्यावर माणूस नव्हतं, कुत्रंही नव्हतं. समोरच्या इमारतीच्या भिंती उन्हात हलल्यासारख्या दिसत होत्या. मी पडदे ओढले, कूलरमध्ये पाणी भरलं, फळीवर पातळ गोधडी पसरली, उशी ठेवली आणि अक्काला हाताला धरून आणलं.

"चल. आडवी हो आता."

तिने बंगईकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"कोन, मी?"

"मग कोण? तुझ्यासाठी तर आणली."

"मी कसाले बठू तिनावर?"

मला वाटलं तिला खुब्याची भीती वाटते. मी धरते म्हणाले, स्टूल देते म्हणाले. ती वॉकर सोडेना. शेवटी मी जरा चढ्या आवाजात म्हणाले, "अक्का, लाजतेस काय? जन्म गेला तुझा या बंगईवर. मी स्वतः पाहिलंय."

त्यावर ती हसली. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच हसली.

"तू काय देखं? तू त जपेल व्हती!"

झोपलेली होतीस. मी उभ्याउभ्याच ते ऐकलं. मग ती भिंतीला टेकून सावकाश बोलत राहिली, जसं काही शेजारणीच्या घरातलं सांगतेय. त्या घरात सून बंगईवर बसत नसे. सासऱ्यासमोर नाही, सासूसमोर नाही, नवऱ्यासमोर नाही. तसा कुणी नियम सांगितला नव्हता, सांगावा लागतच नव्हता. बंगईला दोर बांधलेला असायचा आणि दोराचं टोक सुनेच्या हातात. ती खाली, चटईवर, खांबाला टेकून. आधी आबांना झोका द्यायचा, त्यांचा डोळा लागेपर्यंत. मग सुट्टीत आलेल्या आम्हा पोरांना. मग सासू अंथरुणाला खिळली तेव्हा तिला कित्येक वर्षं. मग काकांना, शेवटच्या आजारात.

"मी खाले. दोर मना हातमा. तठेच मना डोया लागे. हात चालूच."

"आणि तू कधीच बसली नाहीस?"

"बठनू ना. मायेरे, आखाजीले, निंबना झाडले. तो झोका येगळा."

"पण काका गेल्यावर? घरात तर कुणीच नव्हतं."

इथे तिने तोंड जरा वळवलं. रिकामी बंगई हलवू नये, घराला बरं नसतं, हे आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक. म्हणून काका गेल्यावर महिनाभर तिने बंगई हलवली नाही आणि महिनाभर तिला झोप आली नाही. मग तिने उपाय काढला.

"गहूनं पोतं ठेवू मी तिनावर. नि वढू."

मला ती खोली दिसली: दारं लावलेली, उन्हाची पट्टी, बंगईवर गव्हाचं पोतं पुढे-मागे जातंय आणि खाली अक्का, हातात दोर, झोपलेली. वर्षानुवर्षं, रोज दुपारी, रोज रात्री. सुट्टीतल्या त्या सगळ्या दुपारी मी पाण्यावर वाहत होते तेव्हा पाणी कुणाच्या तरी हातात होतं. मला काहीतरी बोलायला हवं होतं. अन्यायाबद्दल वगैरे. माझ्याकडे त्या विषयावर बोलायला बरंच आहे. पण तिची तक्रार नव्हती आणि तिला झोप हवी होती. मी विचारलं, "दोर कसला?"

मी कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी आणली. तिने बोटांत धरली आणि परत दिली.

"हाई नको. हात कापस."

मग तिच्याच एका जुन्या सुती लुगड्याचे काठ फाडून पीळ दिला. तिने बसायला चटई मागितली. डॉक्टरांनी खाली बसू नका म्हटलं होतं. मी खुर्चीच म्हणाले, आणि त्यावर आमची बरीच वादावादी झाली. शेवटी आरामखुर्चीवर मिटलं. तिने वाकून दोर फळीच्या कोपऱ्याला, कोरलेल्या बोंडाच्या देठापाशी बांधला, न बघता. तिथे एक खाच होती, गुळगुळीत, दोराने पडलेली. सकाळीच मी तिच्यावरून फडकं फिरवलं होतं.

"जप," अक्का म्हणाली.

"मी?"

"मंग कोन? पोतं शे का तुना घरमा?"

नव्हतं. आमच्याकडे पीठ पिशवीतून येतं. मी चष्मा काढून ठेवला आणि बंगईवर आडवी झाले, पाय अवघडून, पदर खोचून, मोठ्या बाईने भर दुपारी जितकं विचित्र वाटून घ्यावं तितकं वाटून घेत. घासलेले पोपट डोक्यावर चमकत होते. मग फळी हलली.

कूलरचा आवाज होता, तो पाण्याचा झाला. पडद्याच्या फटीतून ऊन आत आलं होतं, ते माझ्या पायावर चढलं, उतरलं. भाजीवाल्याकडे कोथिंबीर राहिली, हे आठवलं आणि वाहून गेलं. गाल गोधडीवरून घसरून लाकडाला लागला. गार. इतक्या वर्षांनी, जळगावात, पक्क्या छताखाली, तितकंच गार. सरकीचा वास येणं शक्य नव्हतं, पण आला. छत पुढे आलं, मागे गेलं. कुणाचे तरी पाय माझ्या पोटावर होते. बाजूला हिरवं काहीतरी होतं, ते असल्यामुळे बघायची गरज नव्हती. काठ दिसत नव्हता. मी कुठल्याशा गावाला चालले होते, आणि तिथे माझी वाट बघणारं कुणी नव्हतं, आणि त्याचं काहीच वाटत नव्हतं.

जाग आली तेव्हा ऊन भिंतीवर गेलं होतं. बंगई अजून हलत होती. हलत होती म्हणजे श्वासाने हलावी इतकीच. मी मान वळवली. अक्का खुर्चीत कलंडली होती, तोंड उघडं, एक दात दिसत होता. दोर मनगटाला गुंडाळलेला, आणि हात झोपेतच थोडा ओढला जायचा, थोडा सैल व्हायचा. तिच्या तोंडावर ते लहान होत चाललेलं काही राहिलं नव्हतं. नुसती म्हातारी बाई झोपली होती.

मला उठता येईना. उठले तर दोराला हिसका बसणार. नळाला पाणी यायची वेळ झाली होती, गॅलरीत कपडे करपत होते, फोन स्वयंपाकघरात दोनदा वाजून थांबला. मी पडून राहिले. आयुष्यात इतका वेळ मी काही न करता पडले नसेन. पण कंटाळा आला असंही म्हणता येत नाही.

नवऱ्याने किल्लीने दार उघडलं. आत आला, मला बघितलं, अक्काला बघितलं, दोर बघितला. काही विचारायला तोंड उघडणार तोच मी ओठावर बोट ठेवलं. तो चपला काढून भिंतीच्या कडेकडेने, चोरासारखा, स्वयंपाकघरात गेला. जरा वेळाने स्वतःच चहा करून घेतल्याचा वास आला.

अक्का दिवेलागणीला उठली. आधी आखडलेला हात मोकळा केला, मग माझ्याकडे बघितलं.

"कशी जपनी वं तू! घोरे बी."

"तूही घोरत होतीस."

"मी?" तिला ते पटलं नाही. फळीचा दोर सोडून त्याची घडी तिने उशीखाली ठेवली, कुणी नेईल अशी. मग म्हणाली, "तू रोज कशी जपशी? तुले कामं शेतस." आणि छताकडे बघत, "एक पोतं आन."

धुळ्याला जाण्याचं ती काही बोलली नाही. मीही विचारलं नाही.

नवरा जेवताना म्हणाला, "मग ते गॅलरीचं दार?"

"अर्धं उघडतं की."

"आणि मी?"

"तू अंग चोरून जा. आज गेलास ना."

दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन चढायच्या आत मी दाणाबाजारात गेले. सगळी दुकानं वर्षाच्या गव्हाने भरलेली, वाटेत पोती, हवेत भुसा. दोन-तीन ठिकाणी मूठ भरून दाणे बघितले, दातांखाली फोडले, आणि एक भरलेलं पोतं शिवून घेतलं. हमाल ते पाठीवर घेऊन जिना चढला आणि स्वयंपाकघराच्या दिशेने वळला. मी त्याला थांबवलं आणि म्हणाले, तिकडे नाही, बंगईवर ठेव, मधोमध, आणि हळू.